शाळा ते वाचनालय, आठ मिनिटं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. लोकांच्या नाकावर राग असतो. माझ्या नाकावर तो पथारी पसरून बसलेला असतो. या रागापायी मी बरीच भांडणं जिंकले, आणि या रागापायीच एकदा नवऱ्याचं ऑपरेशन हातचं घालवत होते. ज्याने ते जाऊ दिलं नाही त्याच्याशी मी नऊ वर्षं भांडले. म्हणून हे लिहिते आहे.

मी नगरपालिकेत काम करते. एक नाही, तीन कामं करते. सकाळी पावणेआठ ते पावणेनऊ शाळेसमोरच्या रस्त्यावर लाल पाटी आणि शिट्टी घेऊन उभी राहते आणि मुलांना पलीकडे नेते. नऊ ते बारा वाचनालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावते, फाटलेली चिकटवते. बारा वीसला पोहण्याच्या तलावावर कामाला लागते आणि पुढचा दीड तास बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत कप्प्यांच्या किल्ल्या सांभाळते. शाळेची पोरं मला शिट्टीबाई म्हणतात, वाचनालयात मी ताई असते आणि तलावावर मावशी. तिन्ही कामं अर्धवेळ. तिन्हींची माणसं मला आपलं म्हणतात, पण नगरपालिकेच्या कागदावर मी कुणाचीच पूर्ण नव्हते.

पूर्ण असण्याला किंमत होती. पूर्णवेळ माणसाच्या घरच्यांचा दवाखान्याचा खर्च नगरपालिका उचलते, अर्धवेळाच्या घरच्यांचा नाही. आमचे हे रंगारी. घरांच्या भिंती रंगवायचे. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. जोडलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बसलो ते उठायचं विसरलो. तेव्हापासून रंगारी खुर्चीत. काठी धरून न्हाणीघरापर्यंत जायचे, पण वाकता येत नसे, म्हणून सकाळी निघायच्या आधी मी त्यांच्या पायात मोजे घालायची. एके काळचा धडधाकट माणूस रोज माझ्यासमोर पाय पुढे करायचा आणि तेवढा वेळ खिडकीकडे बघत बसायचा.

तर यंदा नगरपालिकेने ठरवलं की प्रत्येक कामाचा तासाचा दर सगळ्यांना दिसेल असा फलकावर लावायचा. कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली देव जाणे, पण त्या सोमवारी कार्यालयाच्या दारात जी गर्दी झाली ती पगाराच्या दिवशीही होत नाही. वर परवाना तपासनीस, तासाला एकशे दहा. मग ग्रंथपाल नव्वद, बंबवाले अठ्ठ्याऐंशी, रस्त्यावरचे दिवे बघणारा पंचाहत्तर, भटकी कुत्री पकडणारा बहात्तर. खाली उतरत उतरत बागेचा माळी चोपन्न.

माळी भडकला. "कुत्र्याला बहात्तर आणि मला चोपन्न? का? गुलाबाला काटे नसतात?"

"असतात ना," कुत्रेवाला म्हणाला. "पण गुलाब मागे धावत नाही."

सगळे हसले. माळी नाही हसला. माझंही हसू टिकलं नाही, कारण तोवर मी माझ्या तीन ओळी शोधल्या होत्या. वाचनालय मदतनीस छप्पन्न. तलाव, कपडेखोली एकोणपन्नास. शाळेसमोरचा रस्ता एकेचाळीस, सगळ्यात तळाला. म्हणजे हात तेच, पाय तेच, बाई तीच. पण सकाळी माझी किंमत एकेचाळीस आणि पंधरा मिनिटांनी छप्पन्न. मूल चुकीच्या जागी गेलं तर एकेचाळीस, पुस्तक चुकीच्या जागी गेलं तर छप्पन्न. हे मी मोठ्याने म्हणाले, आणि मी मोठ्याने म्हणते तेव्हा पलीकडच्या गल्लीतही ऐकू जातं.

"दर मी ठरवत नाही," मागून आवाज आला. "मी फक्त लिहितो."

ते होते सेकंदकाटा. पगार विभागातले कारकून. खरं नाव कागदोपत्री असेल, पण सगळी नगरपालिका त्यांना सेकंदकाटाच म्हणायची. उंच, वाळका, कोरड्या आवाजाचा माणूस. सगळी वाक्यं एकाच सुरात, घड्याळातून निघाल्यासारखी. आठ वाजून दोन मिनिटांनी आलेल्या माणसाच्या नावापुढे ते आठ वाजून दोन मिनिटंच लिहायचे. दोन मिनिटं सोडून द्या हो, म्हटलं की म्हणायचे, "कुठे सोडू?"

मी फलकावर त्यांचीही ओळ शोधली. पगार कारकून, अठ्ठावन्न. माझ्या पुस्तकं लावण्याच्या दरापेक्षा फक्त दोन जास्त. नऊ वर्षं मी ज्यांना मोठे साहेब समजून बोल लावत आले ते माझ्याहून तासाला दोनच जास्त घेत होते. वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी मला वाटलं, बरी खोड मोडली.

आमचं भांडण जुनं होतं. नऊ वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्या दिवशी, त्यांनी माझ्यासमोर एक तक्ता सरकवला. त्यात एक रकाना होता: 'एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचा वेळ.' मला विचारलं, "शाळा ते वाचनालय किती?" त्या सुरात विचारलं की वाटलं, रस्त्यात मी गप्पा मारत उभी राहते असाच या माणसाचा संशय. आणि कार्यालयातला रकाना म्हणजे कात्री, एवढं शहाणपण मला होतं. जितकी मिनिटं लिहीन तितकी कापतील. म्हणून मी छाती काढून म्हणाले, "आठ."

"वाचनालय ते तलाव?"

"नऊ."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "लिहा. सही करा."

तेव्हापासून दर महिन्याला वहीत प्रत्येक दिवसापुढे मी आठ आणि नऊ लिहीत आले, आणि दर महिन्याला सही करताना त्यांना काहीतरी टोचून बोलत आले. पैसे कापले जात नव्हते, हे खरं. मला वाटायचं, माझ्या आठ मिनिटांमुळेच नाहीत कापले जात. कशी जिरवली!

फलकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. कुणीतरी तिच्याखाली लाल पेन्सिलने रेघ मारली होती. मी रेघ पाहिली आणि म्हटलं, आली नवी कात्री. वाचली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी वाचून दाखवली. या बाई माझ्याहून लहान, पण बोलतात असं की आपणच लहान वाटावं.

"ताई, ऐका. 'ज्यांच्याकडे एकाहून अधिक अर्धवेळ कामं आहेत, त्यांचे तास एकत्र धरले जातील. आठवड्याला तीस तास भरल्यास पूर्णवेळ समजण्यात येईल. मोजणी नियम बावीसप्रमाणे.' कळलं का? दवाखाना मिळेल तुम्हाला."

मी बोटांवर मोजलं. एक अधिक तीन अधिक दीड, साडेपाच. पाच दिवसांचे साडेसत्तावीस. "अडीच तास कमी," मी म्हणाले. "दुष्काळात तेरावा महिना."

"तरी अर्ज करा. नियम बावीस काय आहे मला माहीत नाही, पण तुमचं काय जातंय?"

जात काहीच नव्हतं, म्हणून शुक्रवारी रांगेत उभी राहिले. माझ्यामागे माळी, त्याच्यामागे कुत्रेवाला. दोघांचा अजून अबोला. सेकंदकाट्यांनी माझा अर्ज घेतला, तिन्ही कामांचे तास लिहिले आणि मग विचारलं, "शाळा ते वाचनालय?"

माझं डोकं फिरलं. आधीच अडीच तास कमी, त्यातून हा माणूस आणखी कापायला बसलाय. "आठ!"

"आठच?"

"आठच. सव्वाआठही नाही."

चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"माझ्या पायांना तुमची शंका आहे का?"

"पुन्हा एकदा चालून बघा. वेळ आहे. सोमवारी येऊन सांगितलंत तरी चालेल."

"तुम्हीच चाला," मी म्हणाले, "बसून बसून पाय गेले असतील तुमचे." मागे माळी हसला, म्हणून मी आणखी चढले. "आठ आणि नऊ. लिहा. कुठे करू सही?"

त्यांनी बोटाने जागा दाखवली. मी सही केली आणि जिंकून आल्यासारखी पायऱ्या उतरले.

मंगळवारी सुनावणीचं पत्र आलं. शुक्रवारी दहा वाजता, तीन जणांच्या समितीपुढे. खाली मोजणी जोडली होती. ती मी वाचनालयात, कपाटांच्या मधल्या बोळात उभी राहून वाचली. 'कामाचे तास: सत्तावीस तास तीस मिनिटं. अधिक, नियम बावीसप्रमाणे दोन जागांमध्ये जाण्याचा वेळ: एक तास पंचवीस मिनिटं. एकूण: अठ्ठावीस तास पंचावन्न मिनिटं. कमी पडतात: एक तास पाच मिनिटं. अर्ज नामंजूर करण्याची शिफारस.'

मी 'अधिक' या शब्दावर अडकले. वजा नाही, अधिक. ती मिनिटं कापायची नव्हती, मिळवायची होती. नऊ वर्षं मी ज्याला कात्री समजून लढले, ते माझ्यासाठी उघडं ठेवलेलं दार होतं, आणि मी स्वतःच त्याला आतून कडी घातली होती.

बुधवारी मी रंगाऱ्यांचं मनगटावरचं घड्याळ घेऊन गेले. पावणेनऊला शाळेच्या शिपायाच्या वहीत सही केली आणि निघाले. शिंप्याच्या दुकानाचा कोपरा, मग चढ, मग पुलावरच्या पायऱ्या, खाली बँकेसमोर सिग्नल. वाचनालयाच्या दारात चौदा मिनिटं. गुरुवारी कुत्रं मागे लागल्यासारखी धावले, रस्त्यातल्या तिघांना धक्के दिले, छातीत कळ आली, तरी दहा. आठ मिनिटांत ते अंतर कापायला पंख हवेत. तलावापर्यंत सतरा लागत होती. मी कागदावर मांडलं. चौदा आणि सतरा एकतीस. पाच दिवसांची एकशे पंचावन्न. दोन तास पस्तीस. सगळं मिळून तीस तास पाच मिनिटं.

पाच मिनिटं जास्त! खुब्याचा सांधा माझ्या हातात होता आणि मी तो फुशारकीत घालवला होता. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तर तो निदान आपल्या पायावर पडावा. माझा नवऱ्याच्या पायावर पडला.

ग्रंथपालबाईंना मी दुसऱ्याच कुणाचं तरी सांगते आहे अशा आवाजात विचारलं, "समजा एखाद्याने वहीत खोटी नोंद केली असली, आणि आता तो खरं सांगायला गेला, तर काय होतं?"

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "किती दिवसांची नोंद?"

"समजा, नऊ वर्षं."

"शिस्तभंग," त्या हळू म्हणाल्या. "कामावरून काढू शकतात. एखाद्याला."

गप्प राहिले तर ऑपरेशन गेलं, पण तीन पगार तरी राहतील. बोलले तर कदाचित सगळंच जाईल. आणि बोलायचं कुणासमोर? सेकंदकाट्यासमोर! ज्या माणसाला मी महिन्याला एकदा, नऊ वर्षं, तुम्ही खोटं मोजता म्हणून सुनावलं होतं.

शुक्रवारी सकाळी मोजे घालताना रंगारी नेहमीसारखे खिडकीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. "आज सुनावणी ना?" एवढंच म्हणाले. "नाही झालं तर नाही. तू भांडू नकोस कुणाशी." त्यांना मोजणीचं पत्र मी दाखवलंच नव्हतं. मी दुसरा मोजा उगाचच नीट केला, टाचेजवळची शिवण सरळ केली, आणि उठले.

सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर. लांब टेबलामागे मधोमध सभापतीबाई, एका बाजूला अभियंता, दुसऱ्या बाजूला वकील. टेबलाच्या टोकाला सेकंदकाटा, मागे लोखंडी कपाट. त्यांनी उभं राहून त्या एकाच सुरात मोजणी वाचली. अठ्ठावीस तास पंचावन्न. कमी पडतात एक तास पाच. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला, आणि म्हणाले, "अर्जदाराला स्वतःच्या आकड्यांबद्दल काही सांगायचं आहे का?"

आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. बसले नाहीत. सभापतीबाई पुढचा कागद घ्यायला हात पुढे करत होत्या, तरी ते बसले नाहीत.

"आकडा खोटा आहे," मी म्हणाले. आवाज माझा वाटेना, कारण तो बारीक निघाला. "आठ आणि नऊ हे मी लिहिले. पहिल्या दिवशी तोऱ्यात लिहिले, आणि मग तेच लिहीत आले. मला वाटलं, ही मिनिटं पगारातून कापतात. खरी मिनिटं चौदा आणि सतरा आहेत."

वकिलांनी मान वर केली. "नोंदीत खोटं लिहिणं हा शिस्तभंग आहे. तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे."

"तरी सांगताय?"

"माझ्या नवऱ्याला स्वतःच्या पायात मोजे घालता येत नाहीत," मी म्हणाले. "सांधा बदलला तर घालता येतील. आणि खोटं मी लिहिलंय, ते त्यांनी का भोगायचं? मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण आकडा खरा लिहा."

वकील नियमांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिले, चाटून चाटून बोट ओलं झालं तरी उलटत राहिले. शेवटी म्हणाले, "नियमात 'स्वतःच्या लाभासाठी केलेली खोटी नोंद' असे शब्द आहेत. इथे लाभ..."

"लाभ कसला?" अभियंता हसायला लागले. "बाईंनी नऊ वर्षं स्वतःलाच लुबाडलंय. आपण यांना शिक्षा काय करणार?"

माझा जीव अर्धा भांड्यात पडला. पण सभापतीबाई हसल्या नाहीत. "ते ठीक. पण चौदा आणि सतरा हे तरी खरे कशावरून? आज तोंडी सांगितलं म्हणून? कालपर्यंत आठ होते. पुरावा काय?"

मनगटावरचं घड्याळ दाखवून काय होणार होतं?

सेकंदकाटा मागे वळले. लोखंडी कपाट उघडलं आणि एकावर एक नऊ वह्या आणून टेबलावर ठेवल्या. सगळ्यांत वरची उघडून सभापतीबाईंपुढे सरकवली. माझ्या शाईतल्या प्रत्येक आठाच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक आकडे होते. चौदा. चौदा. पंधरा. तेरा. चौदा.

"शाळेतून बाहेर पडल्याची वेळ शिपायाच्या वहीत असते," ते म्हणाले. "वाचनालयात पोचल्याची आणि निघाल्याची ग्रंथपालांच्या वहीत. तलावाची तलावावर. तिन्ही वह्या दर महिन्याला शिक्क्यासाठी माझ्याकडे येतात. मी शिक्का मारायच्या आधी वजाबाकी करतो. पावसात सोळा लागतात. परीक्षेच्या दिवसांत रस्ता मोकळा असतो, तेव्हा तेरा. नऊ वर्षांची सरासरी चौदा आणि सतरा. एकूण तीस तास पाच मिनिटं."

"मग हे शिफारशीत का नाही लिहिलंत?" सभापतीबाईंनी विचारलं.

"कर्मचाऱ्याने सही केलेला आकडा कर्मचाऱ्याने स्वतःहून नाकारल्याशिवाय बदलता येत नाही. नियम बावीस, दुसरा भाग."

अभियंता म्हणाले, "पाचच मिनिटं वर आहेत हो."

"पाच पुरतात," सेकंदकाटा म्हणाले, आणि बसले.

अर्ज मंजूर झाला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून पूर्णवेळ. सभापतीबाईंनी वहीत खोटं न लिहिण्याची ताकीद दिली, ती मी कानाला हात लावून घेतली. वकिलांनी ती ताकीद लेखी असावी असं सुचवलं, तर अभियंत्यांनी पुन्हा हसून त्यांना गप्प केलं. मग मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. तोवर मला कुणी रडताना पाहिलेलं नव्हतं. दिवेवाला शिडी घेऊन वर येत होता, तो मला बघून आल्या पावली खाली गेला.

डोळे पुसून मी पगार विभागात गेले. सेकंदकाटा त्या नऊ वह्या परत कपाटात लावत होते, वर्षाप्रमाणे. मी समोरच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. भांडायला उभंच राहावं लागतं.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले. आभार मानायला आले होते आणि तोंडातून हे निघालं. जित्याची खोड.

"पगारपत्रक करणाऱ्याने आकडा सुचवला तर तो आकडा रद्द होतो. मला सुचवता येत नाही. विचारता येतं. मी विचारलं. तीनदा."

"असं विचारतात? मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. जरा वेगळ्या सुरात विचारायचं."

"सूर एकच आहे माझ्याकडे."

मला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा डोळे भरले. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, तोही तक्ता सरकवावा तसा. लाल पेन्सिल तिथेच टेबलावर पडलेली होती. फलकावरची ती रेघ कुणी मारली होती हे मला तेव्हा कुठे कळलं.

"एक विचारू?" मी म्हणाले. "तास एकत्र धरायचा हा निर्णय यंदाचा. त्याआधी आठ वर्षं त्या मिनिटांना काही अर्थच नव्हता. ना पगार, ना काही. मी तर तुम्हाला शिव्याच घालत होते. मग रोजचे दोन-दोन आकडे कशाला लिहीत बसलात?"

त्यांना प्रश्नच समजला नाही असं वाटलं.

"तुम्ही चालत होतात ना," ते म्हणाले. "मग कुठेतरी लिहायला नको?"

आजवर मी किती चालते हे कुणी मोजलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं; मी तर आठ लिहीत होते. आणि या माणसाने, तासाला अठ्ठावन्न घेणाऱ्या, सगळ्या नगरपालिकेच्या टिंगलीचा विषय असलेल्या या माणसाने, माझी पावसातली सोळा मिनिटंसुद्धा जपून ठेवली होती. मी उभी राहिले आणि हात जोडले. म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले. नऊ वर्षं वाटेल ते बोलले, ते माफ करा. माझा नवरा चालायला लागेल तो तुमच्यामुळे." एवढं सरळ मी कधी कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "सुनावणीला पन्नास मिनिटं लागली. ती वाचनालयाच्या वेळेत होती. छप्पन्नच्या दराने लिहितो. सही करा."

मी केली. मिनिटं मोजून घेतली आधी, पन्नासच होती.

त्या दिवशी तलावाचं काम संपवून घरी गेले. रंगारी खुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र, पण वाचत नव्हते. मी दारातच सांगितलं. मंजूर. एक तारखेपासून. डॉक्टरांना फोन करायचा. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, आणखी एक घातली, मग आणखी एक, हाताएवढी होईपर्यंत. मग मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. आठ, चौदा, पेन्सिलीचे आकडे, कपाट, सगळं. माझी बेअब्रू झाली तीही सांगितली, काही लपवलं नाही.

"चौदा?" ते म्हणाले. "अगं, मी तर इथे येईल त्या माणसाला सांगतो, आमची ही शाळेतून वाचनालयात आठ मिनिटांत जाते म्हणून. शेजारी विश्वास ठेवत नव्हते, तर त्यांच्याशी भांडलो. आता काय सांगू?"

"चौदा सांगा," मी म्हणाले आणि त्यांचे मोजे काढायला घेतले. "आणि ऑपरेशन झाल्यावर एक दिवस तुम्ही यायचंय माझ्याबरोबर, चढ आणि पुलाच्या पायऱ्यांसकट. त्या दिवसाची चाळीस लिहीन मी."